नव्वद टक्के झालेला ओटा

सौ. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे शब्दशः घेऊ नकोस. आडवं व्हायला सध्या घरात जागा नाही. बाहेरच्या खोलीत फरशांचे खोके आहेत आणि आतल्या खोलीत फ्रिज, मिक्सर आणि आम्ही सगळे. तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं टेकता आली तेवढी टेकली असं समज.) तुझी मान आता कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का, की अजून ते धुळीलाच दोष देतायत? धूळ म्हणजे काय हे त्यांना बघायचं असेल तर त्यांनी इकडे यावं. आईचा पाय, आईचा वॉकर आणि तुझ्या स्वयंपाकघराबद्दल आईचं मत, या तिन्हींची खुशाली कळव. पहिल्या दोहोंत सुधारणा असेल तर तिसऱ्यात बिघाड असणार, हे मी अनुभवाने सांगतो.

तू म्हणशील, फोन असताना हा पत्राचा उपद्व्याप कशाला. कारण तू फोन स्पीकरवर टाकून भाजी निवडत बसतेस आणि शेजारी आई असते. तिला कमी ऐकू येतं हे खरं, पण ते फक्त तिच्या सोयीने. परवा मी बोलता बोलता नुसतं 'सिमेंट' म्हणालो, तर मागून आवाज आला, "कोण काय बांधतंय?" तू 'टीव्हीवर लागलंय' म्हणून वेळ मारून नेलीस, त्याबद्दल आभार. (पण त्या खोटेपणाचा अर्धा भार माझ्याकडे येतो का, यावर मी रोजनिशीत एक पान खर्च केलंय. उत्तर मिळालं नाही.) म्हणून हे पत्र कुरिअरने आणि तुझ्या शाळेच्या पत्त्यावर.

तुला ठाऊक आहे तेच एकदा मांडून ठेवतो, म्हणजे मला धीर येईल. महिनाअखेर आई इकडे परत यायची आहे. डॉक्टरांनी सांगितलंय की वाकायचं नाही, स्टुलावर चढायचं नाही, ओट्याशी फार वेळ उभं राहायचं नाही. जे करायचं ते उंच खुर्चीवर बसून. आता आपलं जुनं स्वयंपाकघर वाकणं, चढणं आणि उभं राहणं या तीनच गोष्टींसाठी बांधलेलं होतं. तेव्हा आई तुझ्याकडे आहे तोवर इथे सगळं नवं करून टाकायचं आणि ती आली की दार उघडून एकदम दाखवायचं, असं तू, मी आणि माझ्या बायकोने ठरवलं. नाहीतर तिला स्वयंपाक बंद, असं तोंडावर सांगावं लागलं असतं, आणि तेवढी छाती आपल्या दोघांत मिळूनही नाही. स्वयंपाकघर हातचं गेलं तर आई या घरात पाहुणी होईल, आणि पाहुणी म्हणून ती कुठे टिकत नाही. तुझ्याकडे इतके दिवस राहिली ती केवळ पाय मोडला म्हणून.

इथवर सगळं ठीक होतं. मग मी त्याचा प्रकल्प केला.

मी ज्या कारखान्यात आहे तिथे रुग्णालयांच्या खाटा बनतात. मी त्या बनवत नाही, त्या कधी बनतील एवढं सांगतो. गेल्या वर्षी साहेबांनी मला प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाला पाठवलं. (मलाच का, याचा मी दोन्ही बाजूंनी विचार केला. मी हुशार म्हणून, की त्या आठवड्यात माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं म्हणून? दुसरं पारडं जड भरतं.) तिथे शिकवलेलं घरी वापरून बघायची ही पहिलीच संधी. कारखान्यात ते वापरता येत नाही, कारण तिथे सगळ्यांनीच ते प्रशिक्षण घेतलंय.

पहिल्यांदा मी कामाचे तुकडे पाडले. मग त्या तुकड्यांचा गँट चार्ट केला. गँट चार्ट म्हणजे डावीकडे कामांची नावं, वरती तारखा आणि मधे प्रत्येक कामाचा एक आडवा पट्टा, काम कधी सुरू होणार आणि कधी संपणार ते दाखवणारा. तो नुसता भिंतीवर लावला तरी निम्मं काम उरकल्यासारखं समाधान मिळतं. त्याचा गुण म्हणशील तर हा, आणि दोषही हाच. पट्टे आमच्या कन्येने रंगवले. तिला जांभळा रंग आवडतो म्हणून प्लास्टर जांभळं, आणि प्लास्टरचं काम दिलेल्या मुदतीपेक्षा थोडं लांबही गेलं, कारण खडू पुढे सरकला. मी बायकोला चार्टसमोर उभं करून सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे सगळे पट्टे चालू असताना मी रांधायचं कुठे?" चार्टमध्ये तो पट्टा नव्हता. कामाचे इतके बारीक तुकडे पाडूनही दोन वेळचं जेवण हा तुकडा माझ्या हातून निसटला होता. तेव्हापासून शेगडी गॅलरीत आहे, वॉशिंग मशिनवर. मशिन लावायचं असेल तेव्हा आधी विचारावं लागतं, शिजायला काही ठेवलंय का.

दुसरं साधन क्रिटिकल पाथ. सगळ्या कामांत एक साखळी अशी असते की तिची एक कडी अडली तर शेवटची तारीख पुढे ढकलली जाते. बाकीच्या कामांना थोडी ढील देता येते, हिला नाही. मी ती लाल शाईने काढली: फोडणं, मग नळाचे पाइप, मग प्लास्टर, मग फरशी, मग ओटा, मग कपाटं. पाइपांचं काम आपल्या त्याच प्लंबरकडे दिलं, ज्याला बाबा 'ठिबक' म्हणायचे. (आता त्याचे केस पांढरे झालेत, पण गुण तेच.) ठिबक फरशी बसवून झाल्यावर उगवला. मी म्हटलं, तुमचं काम तिच्या आधी होतं. तो म्हणाला, "आधी येऊन करायचं काय? फरशी दिसल्याशिवाय नळ कुठे येतो ते कळतं का?" आणि त्याने नव्या फरशीला हातोडी लावली. मी लाल शाईकडे बोट दाखवलं. त्याने मान वाकडी करून ती निरखली आणि विचारलं, "ही लाल लाइन गरम पाण्याची ना?"

गवंड्याला आमची कन्या होईलकाका म्हणते, कारण कशालाही तो "होईल" एवढंच उत्तर देतो. कधी, असं विचारलं तर "होईल ना." ('ना' आला की मामला लांबला, हे मी आता ओळखतो.) माणूस गोड आहे. त्याच्याबद्दल तक्रार लिहिताना माझा हात अडखळतो, कारण सकाळी सगळ्यांच्या आधी येतो तो तोच. फक्त आल्यानंतर तो काय करतो हे सांगता येत नाही.

त्यासाठी मी रोज सकाळी उभी बैठक सुरू केली. (होय, उभी बैठक. कारखान्यातही हसतात.) सगळ्यांनी उभं राहून तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. उभं अशासाठी, की पाय दुखले की माणसं मुद्द्याचं तेवढंच बोलतात. पहिल्या दिवशी होईलकाका वाळूच्या ढिगावर बसला. मी म्हटलं, उभं राहायचं आहे. तो म्हणाला, "आमच्या धंद्यात ज्याला काम नसतं तो उभा राहतो." सुताराने स्वतःसाठी खोका ओढून घेतला आणि ठिबक उंबऱ्यावर टेकला, म्हणजे नियमाप्रमाणे उभा मी एकटाच. मग तीन प्रश्न. होईलकाकाने बोटांवर मोजत सांगितलं, "काल आलो होतो. आज आलोय. अडचण म्हणाल तर ही बैठक." बायकोने बैठक आहे म्हणून चहा आणला, चहा आला म्हणून सुताराने आपल्या मेहुण्याच्या घराची गोष्ट काढली, आणि बैठक उठली तेव्हा त्यांची जेवणाची सुट्टी झाली होती. खरं सांगू का, मला ती बैठक आवडली. पण मी तिचं इतिवृत्त लिहायला घेतलं तेव्हा लिहिण्यासारखं एकच वाक्य निघालं: मेहुण्याचं छत अजून गळतं.

फ्रिजच्या दारावर मी कानबान बोर्ड केला. तीन रकाने: करायचं, चालू, झालं. प्रत्येक कामाची एक रंगीत चिकटचिठ्ठी, आणि काम पुढे सरकलं की चिठ्ठी पुढच्या रकान्यात. कल्पना इतकी सोपी आहे की बिघडायला जागा नाही, असं प्रशिक्षणातल्या बाई म्हणाल्या होत्या. त्या बाईंच्या घरी तेव्हा फोडाफोडी चाललेली नसावी. धुळीने चिठ्ठ्यांचा चिकटपणा दोन दिवसांत गेला. केर काढताना बायकोला त्या जमिनीवर सापडायच्या आणि ती जिथे जागा दिसेल तिथे परत लावून टाकायची. त्यामुळे सिंक विकत घ्यायच्या आधीच ते 'झालं'मध्ये गेलं, आणि बसलेल्या खिडकीचं काम पुन्हा 'करायचं'मध्ये आलं. ते सुताराने वाचलं आणि खिडकी काढून ठेवली. ठिबक सकाळी आल्या आल्या आपल्या सगळ्या चिठ्ठ्या 'झालं'मध्ये लावायचा. मी विचारलं तर म्हणाला, संध्याकाळपर्यंत होणारच आहे, मग घाण हाताने कशाला लावू? कन्येने 'माझा अभ्यास' अशी एक चिठ्ठी परस्पर 'झालं'मध्ये लावली. आणि 'चालू'च्या रकान्यात बायकोच्या अक्षरात एक चिठ्ठी आहे, 'नवऱ्याला जमिनीवर आणणे'. ती मात्र अजून पडलेली नाही. काहीतरी वेगळा डिंक वापरलेला दिसतो.

ताई, हे सगळं चालू असताना मला एकसारखे आपलं जुनं स्वयंपाकघर बांधलं तेव्हाचे दिवस आठवतायत. बाबांनी बांधून घेतलं ते. तू पाढे पाठ करायच्या वयाची होतीस, आणि शांतता तेवढी एकच म्हणून न्हाणीच्या दगडावर बसून पाठ करायचीस. दगड तू अडवलेला, म्हणून बाहेर अंघोळीला रांग लागायची. वाळूच्या ढिगावर आपण दुकान मांडायचो, फुटक्या फरशांचे तुकडे हा माल, आणि तू नेहमी दुकानदार. मला गिऱ्हाईक व्हावं लागायचं आणि तुझ्याकडे कुठलीच वस्तू कधी शिल्लक नसायची. निजायच्या खोलीत स्टोव्ह होता, खाटेखाली डबे होते, उशीला घासलेटाचा वास यायचा. पुढे मी कितीतरी घरांत झोपलो, पण सगळी माणसं आणि सगळे डबे एका खोलीत आहेत म्हणून लागलेली तसली झोप मला परत मिळाली नाही.

बाबांकडे चार्ट नव्हता. त्यांचं एकच साधन म्हणजे कानावरची पेन्सिल. सकाळी कामाला निघताना ते गवंड्याला विचारायचे, "संध्याकाळी मला काय दिसेल?" गवंडी म्हणायचा, ही भिंत. संध्याकाळी भिंत नसली तर बाबा रागवायचे नाहीत. चपला काढून, हात मागे बांधून, जिथे भिंत असायला हवी होती तिथे नुसते बघत राहायचे. गवंड्याला ते सहन व्हायचं नाही. "साहेब, तुम्ही ओरडा ना," असं तो एकदा कळवळून म्हणाल्याचं मला आठवतं. (हे लिहून मी थांबलो. बाबा खरंच असे होते, की मी त्यांना जरा चांगलं करून लिहितोय? त्यांचंही काम लांबलंच होतं. सुट्टी लागताना फोडलं आणि शाळा सुरू झाली तरी आपण जिन्यात ताटं घेऊन बसत होतो. वरचे लोक आपल्या ताटांमधून पाय टाकत जायचे. तेव्हा त्या पद्धतीलाही फार मार्क देता येणार नाहीत.)

पण ओट्याचा दिवस आठवतो का तुला? आई उपड्या बादलीवर बसून सगळ्यांना सूचना देत होती. उंची किती ठेवायची असं गवंड्याने विचारलं. बाबा पेन्सिल काढून काहीतरी हिशेब करू लागले, तर आईने त्यांना बाजूला केलं. विटा रचल्या, वर फळी ठेवली, फळीवर परात, आणि ती कणीक मळायला उभी राहिली. मळून बघायची आणि म्हणायची, अजून. गवंडी फळी उचलून आणखी वीट सारायचा. पुन्हा मळायची, पुन्हा, अजून. मग एकदा तिचे खांदे खाली आले आणि ती म्हणाली, बास. बाबांनी तिथे भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढली. घरातलं माप म्हणजे ते.

आणि एवढं करून ओटा उतरता झाला. उंची आईने बघितली, पातळी कुणीच बघितली नाही. ठेवलेला टोमॅटो डावीकडे घरंगळायचा. 'आपण होऊन शेगडीपर्यंत जातो, अशी सोय कुणाकडे आहे,' असं बाबा पाहुण्यांना सांगायचे. फोडाफोडीच्या पहिल्याच दिवशी होईलकाकाने तो ओटा फोडला. मला वाटलं होतं मी बघू शकेन. बघितलं, पण बाहेरून, आवाजावरून. त्या संध्याकाळी बायकोने वॉशिंग मशिनवर एक टोमॅटो ठेवला आणि तिचा, माझा आणि कन्येचा असे तिघांचे हात एकदम डावीकडे गेले. टोमॅटो जागचा हलला नाही. आम्ही तिघंही तसेच हात पुढे करून उभे, आणि कन्या म्हणाली, "हा बिघडलाय."

आता मुख्य घोळाकडे येतो. माझं सगळ्यात लाडकं साधन म्हणजे जबाबदारीचा तक्ता. त्यात प्रत्येक कामासमोर चार रकाने असतात. काम कोण करणार, जाब कोण देणार, कुणाला विचारायचं आणि कुणाला नुसतं कळवायचं. हा तक्ता करताना मी कुणावर अन्याय होऊ नये म्हणून फार काळजी घेतली. विचारायच्या रकान्यात तू आहेस, मी आहे, भाऊजी आहेत (ते लग्नाआधी सिमेंटच्या दुकानात हिशेब बघायचे म्हणून), फरशीवाला आहे. साहेबसुद्धा आहेत, त्यांच्या घरी नुकताच ओटा झाला म्हणून. गेल्या आठवड्यात बायको चहाचा कप घेऊन तक्त्यासमोर उभी राहिली आणि एकेक ओळीवरून बोट फिरवत खालपर्यंत गेली.

"यात आई कुठे आहेत?"

मी तिला शेवटचा रकाना दाखवला. आईचं नाव तिथे प्रत्येक ओळीत होतं, आणि पुढे कंसात, काम पूर्ण झाल्यावर.

तिने चहाचा एक घोट घेतला. "ओटा कोणाचा आहे?"

"आईचा."

"आणि विचारायचं साहेबांना."

एवढं बोलून ती गॅलरीत गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, मी उत्तरं तयार ठेवली होती. मी म्हणणार होतो की हे आश्चर्य आहे, आणि आश्चर्य विचारून देत नाहीत. मग माझ्या मनात आलं, पाय मोडलेल्या माणसाला आणखी किती आश्चर्यं द्यायची.

होईलकाकाने उंची विचारली तेव्हा मी इंटरनेटवरचं माप सांगितलं होतं. ते उभ्याने काम करणाऱ्याचं निघालं. बसून करणाऱ्याचं काय, हे कळावं म्हणून मी उंच खुर्चीवर बसलो आणि आई झालो. होईलकाकाने विटा रचल्या, फळी ठेवली. मी आईपेक्षा हातभर उंच, म्हणून मी खाली घसरून बसलो. मग बायको आई झाली. ती आईसारखे खांदे पाडून बसली आणि इतकं हुबेहूब "हे काय चाललंय तुमचं" म्हणाली की ठिबकने पटकन हातातला पाइप खाली ठेवला. मग कन्येला दोन उशा बांधून बसवलं. तिघांची तीन मापं आली. होईलकाका म्हणाला, मधलं धरू, होईल. एका माणसाच्या हातांचं माप तीन दुसऱ्या माणसांची सरासरी काढून मिळत नाही, एवढं मला प्रशिक्षण न घेताही कळायला हवं होतं.

त्या दिवशी मी तुला फोन करून आईच्या ब्लाउजचं माप मागितलं, ते यासाठी. तू सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलंस, "बसल्यावर जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप ब्लाउजला कशाला लागतं?" मागून आईचा आवाज आला, "त्याला बरं नाही का?"

तर आजची स्थिती अशी. भिंती झाल्या, फरशी (दुसऱ्यांदा) झाली, खिडकी (दुसऱ्यांदा) बसली, कपाटांचे सांगाडे उभे आहेत. ओट्याचा दगड आलाय आणि भिंतीला टेकवून ठेवलाय. खालचे आधार नुसते रचलेत, पक्के केलेले नाहीत. होईलकाका सोमवारी दगड बसवणार, आणि एकदा बसला की बसला. एकूण काम नव्वद टक्के झालंय. नव्वद टक्के हा आकडा आमच्या धंद्यात फार सोयीचा. त्याच्या पुढे गेलं की तारीख सांगावी लागते, आणि मागे राहिलं की कारण.

तेव्हा काळजीचं काही नाही, सगळं मार्गावर आहे. भाऊजींना नमस्कार, भाच्याला आशीर्वाद. आईला मी बरा आहे म्हणून सांग.

तुझा धाकटा भाऊ
(तथा प्रकल्पप्रमुख. हे पद मीच निर्माण केलं आणि मीच भरलं.)

ता. क. एक छोटी विनंती राहिली. आईला आणखी पंधरवडाभर तिकडेच ठेवून घेशील का? तिला काय सांगायचं ते मी सुचवतो. नळाला पाणी नाही म्हणावं, तर ती म्हणेल भरून ठेवा. रंगाचं काम चाललंय म्हणावं, तर विचारेल कुठला रंग. कन्येला गोवर आलाय म्हणावं, तर ती पहिल्या गाडीने निघेल. तू शिक्षिका आहेस, तूच काहीतरी पटेल असं सांग. मला खोटं लिहूनही जमत नाहीये.

ता. क. २. वरचा ता. क. रद्द. खोडत नाही, कारण मी तसं लिहिलं होतं हे तुला कळायला हवं. तो लिहून मी पाकीट आणायला उठलो आणि वाटेत स्वयंपाकघरात त्या उंच खुर्चीवर थोडा टेकलो. पंधरवड्यानंतरचं चित्र डोळ्यांसमोर आणून बघितलं. आई दारात उभी आहे, आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघतोय, आणि ती एकदा चहूकडे नजर फिरवून म्हणते, "छान झालंय हो." ताई, तुला तो 'हो' माहीत आहे. कुणाच्याही नव्या घरून निघताना ती चपलेत पाय घालत जसा म्हणते तसा. मी पाकीट न घेताच परत येऊन लिहायला बसलो. तिला ठेवून घेऊ नकोस. उलट या शनिवारीच घेऊन ये, आधार रचलेलेच आहेत तोवर. धूळ आहे, बसायला एकच खुर्ची आहे, जेवण वॉशिंग मशिनवर आहे. ती त्या खुर्चीत बसेल आणि ठिबकला पहिल्या पाच मिनिटांत रडकुंडीला आणेल. होईलकाकाला तिच्यापुढे 'कधी' ते सांगावं लागेल. माझे सगळे तक्ते त्या क्षणी रद्दी होतील. मी आत्ताच ते भिंतीवरून काढून ठेवतोय, तिने उपटण्यापेक्षा ते बरं.

ता. क. ३. मी बोलावलंय असं सांगू नकोस. "तुमचं चालू द्या, झालं की येते," असं म्हणून ती अवघडून तिथेच बसेल. तिला एवढंच सांग, की तिच्या माघारी मुलाने स्वयंपाकघर फोडून ठेवलंय आणि नुसता घोळ घातलाय. ती वॉकर विसरून निघेल (वॉकर तू आठवणीने घे). यात तुला खोटं बोलायला लावतोय का, याचा मी बराच विचार केला. नाही लावत. शंका वाटली तर हे पत्र पहिल्यापासून एकदा वाचून बघ.